जुन्या स्की-बोटीची सडलेली फळी आणि भिजलेला फोम

पाण्यावर चालण्यासाठी बनवलेली नाव पाण्यानेच आतून पोखरली जावी, हे ऐकायला विचित्र वाटते. पण अमेरिकेत 1970 आणि 1980 च्या दशकांत बनलेल्या स्की-बोटी आज दुरुस्तीला येतात तेव्हा नेमके हेच दिसते. बाहेरून कवच चकचकीत, इंजिन ठणठणीत, आणि पायाखालची फळी मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी दबते. मालक म्हणतो, "फळी तेवढी बदलून द्या." जो कारागीर तेवढ्यावर हो म्हणतो तो स्वतः फसतो आणि गिऱ्हाइकालाही फसवतो. कारण बिघाड फळीत नसतो, फळीखाली असतो.

प्रथम ही नाव काय असते ते सांगतो. माणसाच्या पायाला लांब फळ्या बांधून त्याला दोरीने पाण्यावरून ओढायचे, हा खेळ 1922 साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिन या सरोवरावर राल्फ सॅम्युअलसन या तरुणाने सुरू केला. पुढे या खेळासाठी खास नावा बनू लागल्या. लांबी साधारण 19 फूट, इंजिन मधोमध, आणि मागे लाट कमीत कमी उठावी असा तळाचा आकार. आपल्याकडे असा शौक करणारे मोजकेच. तरी विषय या पानावर घेतला, कारण लाकूड, काच-कापड आणि रेझिन यांची सांगड आपल्या कारागिरांच्या रोजच्या कामातली आहे. कोकण किनाऱ्यावर लाकडी नावांना फायबरचे आवरण चढवतात, त्यातही लाकूड कोंडले की काय होते हा प्रश्न तोच आहे.

या बोटीची रचना अशी. बाहेर फायबरचे कवच. कवचाच्या आत नाळेपासून मागपर्यंत लाकडाच्या लांब उभ्या तुळया, त्यांना स्ट्रिंजर म्हणतात. तुळयांवर फायबर चढवलेले असते आणि मधल्या दोन तुळयांवर इंजिन बसते. तुळयांवर प्लायवूडची फळी, फळीवर गालिचा. फळी आणि कवच यांच्या मधल्या पोकळीत पॉलियुरेथेनचा फोम ओतून भरलेला. 1990 च्या दशकापासून मोठे कारखाने लाकूड सोडून पूर्ण फायबरच्या तुळयांकडे वळत गेले, पण त्याआधीच्या हजारो नावा अजून वापरात आहेत.

पाणी येते कुठून? बहुतेकांना वाटते तळातून. तसे क्वचितच होते. पाणी येते वरून. आसने, गालिचा, दोरी बांधायचा खांब, इंजिनचे पाय, या सगळ्यांसाठी फळीत आणि तुळयांत स्क्रू मारलेले असतात आणि त्या भोकांत कोणी रेझिन भरलेले नसते. पोहून आलेल्या माणसांच्या अंगाचे पाणी आणि फाटक्या ताडपत्रीतून आलेला पाऊस गालिच्यात मुरतो, भोकांतून खाली उतरतो, आणि खाली उतरलेल्या पाण्याला बाहेरची वाट नसते. लाकूड सडवणारी बुरशी ओलाव्यावर जगते आणि तिला खाऱ्यापेक्षा गोडे पाणी जास्त मानवते. म्हणून समुद्रात फिरलेल्या नावेपेक्षा घराच्या अंगणात पावसात उभी राहिलेली नाव पुष्कळदा जास्त सडलेली निघते.

आता फोमचा हिशेब, कारण खरी जोखीम इथे आहे. अमेरिकेत 1971 च्या नौका सुरक्षा कायद्यानंतर तिथल्या कोस्ट गार्डने 20 फुटांपेक्षा लहान अशा बहुतेक मोटर-बोटींसाठी कारखानदारांना नियम घालून दिले, की नाव पाण्याने भरली तरी ती बुडून तळाला जाता कामा नये. फोम आहे तो त्यासाठी. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे 62 पौंड. एक घनफूट फोमचे वजन 2 पौंड. म्हणजे तेवढा फोम साधारण 60 पौंड भार उचलून धरतो. समजा तुळयांच्या मधली एक पोकळी 8 फूट लांब, दीड फूट रुंद आणि सरासरी 9 इंच खोल आहे. ती झाली 9 घनफूट. चांगला फोम असेल तर त्याचे वजन 18 पौंड, म्हणजे 8 किलो, आणि उचल 540 पौंड, म्हणजे सुमारे 245 किलो. हाच फोम वर्षानुवर्षे पाण्यात बसून निम्मा भिजला, तर त्या एका पोकळीत सव्वाशे किलोपेक्षा जास्त पाणी बसले आणि तेवढीच उचल गेली. अशा दोन पोकळ्या असल्या तर अडीचशे किलो. नाव रोज तेवढे ओझे वाहते, जास्त पेट्रोल पिते, आणि ज्या दिवशी ती खरोखर भरेल त्या दिवशी आतल्या बायका-मुलांना धरून ठेवायला तिच्यात बळ उरलेले नसते.

फोम बंद पेशींचा असतो, पाणी पीत नाही, असे विकणारे सांगतात. ते नव्या फोमबद्दल आणि थोड्या दिवसांपुरते खरे आहे. वर्षानुवर्षे सतत पाण्यात बसलेला फोम पाणी घेतोच, आणि एकदा घेतलेले पाणी सोडत नाही. पंखे लावून जागच्या जागी वाळवू म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. तो काढावाच लागतो.

काम घेण्यापूर्वीची तपासणी सोपी आहे. नाव गाडीसकट वजनकाट्यावर न्यावी, गाडीचे वजन वजा करावे आणि कारखान्याने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. मग लाकडी हातोडीने फळी ठोकत जावे. सुके लाकूड खणखणते, सडलेले बद्द वाजते. इंजिनच्या पायाजवळ तुळईला बारीक गिरमिटाने भोक पाडून भुसा पाहावा. फिकट आणि कोरडा भुसा आला तर ठीक, काळपट आणि ओला आला तर समजून घ्यावे. फोमचा नमुना घ्यायचा तो मागच्या बाजूला, सगळ्यात खालच्या जागेचा. वरचा फोम कोरडा असतो आणि तो पाहून पुष्कळ जण फसतात.

दर ठरवताना एक व्यवहाराची गोष्ट. न उघडलेल्या नावेचा एकठोक भाव कधी देऊ नये. दोन हिस्से करावेत: फळी उघडून फोम बाहेर काढण्याची मजुरी पहिली, आणि आत काय निघते ते मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर बाकीचा अंदाज. निघालेला फोम गोणीत भरून त्याच्यासमोर तोलावा. 16 किलो असायला हवा तिथे अडीचशे किलो भरला, तर वाद करायची गरज राहत नाही. कापडाच्या व्यापारात आम्ही ठाण गिऱ्हाइकासमोर मोजतो, त्यातलाच हा प्रकार.

आता प्रत्यक्ष काम. नाव सपाट जागी सारखी बसवून तळाला बऱ्याच ठिकाणी आधार द्यावा. आतले लाकूड काढले की कवच नरम पडते, आणि त्या वेळी ते वाकले तर वाकलेल्या आकारातच नवे लाकूड बसते. मग नाव जन्मभर वेडीवाकडी पळते. आडवी दोरी ताणून प्रत्येक तुळईची उंची जागोजागी लिहून ठेवावी, पुठ्ठ्याचे साचे कापावेत. फळी कापताना करवतीचे पाते फळीच्या जाडीइतकेच बाहेर ठेवावे आणि कडेला दोन इंचांची पट्टी राहू द्यावी. खालचा फोम फावड्याने, खरवडणीने निघतो. मेहनतीचे आणि घाणेरडे काम आहे, दुसरी युक्ती नाही.

तुळया सडल्या असतील तर इंजिन उतरवावे लागेल. सगळ्या तुळया एकदम काढू नयेत. एक काढावी, नवी बसवावी, ती पक्की झाली की दुसरीला हात लावावा. नवी तुळई थेट कवचावर टेकवू नये, नाहीतर तिची कड कवचाला आतून टोचत राहते. खाली रेझिनच्या घट्ट लगद्याची गादी द्यावी आणि दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत त्याच लगद्याने गोलाई भरावी, म्हणजे कापड काटकोनात न मोडता वळेल.

कापडाचा विषय निघाला तर इथे थोडे थांबतो, कारण तो माझा धंदा आहे आणि काच-कापडही शेवटी कापडच आहे. तीन जाती ध्यानात ठेवाव्यात. तुकड्या धाग्यांची मॅट ही नमद्यासारखी असते. तिला ताणा नाही, बाणा नाही, जोर सगळीकडे सारखा पण बेताचा. विणलेल्या रोव्हिंगमध्ये ताणा-बाणा असतो, पण धागा वर-खाली वळत जातो, त्यामुळे ताण पडला की आधी तो सरळ होऊ पाहतो. तिसरे बायअ‍ॅक्सियल. यात धागे विणलेले नसतात, दोन थर तिरके एकावर एक ठेवून बारीक शिवलेले असतात, म्हणून धागा सरळ राहतो. तुळई आणि कवच यांच्या सांध्यावर पीळ पडतो. तिथे हे तिरके कापड सर्वांत चांगले, कारण त्याचे सगळे धागे सांधा ओलांडून जातात. पट्ट्या चार, सहा, आठ इंच अशा रुंदीला वाढत्या लावाव्यात, म्हणजे भार एका रेषेवर तुटून पडत नाही.

खरेदीत एक खोच आहे. अमेरिकेत मॅटचे वजन चौरस फुटाला औंसात सांगतात आणि विणलेल्या कापडाचे चौरस यार्डाला. दीड औंसाची मॅट आणि 24 औंसाचे रोव्हिंग समोर ठेवले तर माणसाला वाटते दुसरे सोळापट जाड. ग्रॅममध्ये मांडा: मॅट चौरस मीटरला साधारण 450 ग्रॅम, रोव्हिंग साधारण 800. फरक पावणेदोन पटीचा. रेझिन मात्र मॅट स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त पिते, विणलेले किंवा शिवलेले कापड साधारण वजनाइतकेच. अंदाज काढताना हे न धरणाऱ्याचा नफा रेझिनच्या डब्यात जातो.

रेझिन पॉलिएस्टर घ्यावे की इपॉक्सी? इपॉक्सी महाग, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला जास्त घट्ट धरते. पॉलिएस्टर स्वस्त, आणि अशा बहुतेक नावा मुळात त्याच्याच आहेत. जे घ्यायचे ते सुरुवातीलाच ठरवावे, कारण पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगले बसते, इपॉक्सीवर पॉलिएस्टर बसत नाही. साध्या मॅटचा बांधणारा चिकट पदार्थही पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो, इपॉक्सीत ती मॅट नीट भिजत नाही. माझ्या मते तुळयांसाठी इपॉक्सीचा जादा खर्च वसूल होतो.

पॉलिएस्टर वापरणाऱ्यांना एक ताकीद. अमेरिकेत रेझिनमध्ये कोबाल्ट बहुधा आधीच घातलेला असतो. आपल्याकडे तो पुष्कळदा वेगळ्या बाटलीत मिळतो. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोळावा, मगच हार्डनर घालावा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चष्म्याशिवाय पोराला त्या बाटलीला हात लावू देऊ नये, मग तो कितीही हुशार असो.

फोम भरण्याआधी पाण्याची वाट करावी. हे काम नकाशात नसते आणि इथेच मूळ बनावट चुकली होती. कण्याच्या बाजूने मागच्या बुचापर्यंत एक मोकळी नाली सोडावी. तुळयांना आडव्या जाणाऱ्या भोकांत प्लॅस्टिकची नळी बसवून कडा रेझिनने बंद कराव्यात, म्हणजे जाणारे पाणी लाकडाला शिवणार नाही.

फोम दोन द्रवांचा असतो, सारख्या मापाने मिसळायचा. हवा आणि द्रव दोन्ही 24 अंशांच्या आसपास असावेत. थंडीत तो पुरता फुगत नाही. मिसळल्यावर हातात अर्ध्या-पाऊण मिनिटाचाच वेळ असतो, मग तो 25 ते 30 पट फुगतो. थोडा थोडा ओतावा, एक घाण बसून निवल्यावर दुसरा. एकदम ओतला तर आतून तापतो, आणि बंद जागेत त्याचा दाब फळी उचलतो, कवचही फुगवतो. याची वाफ छातीला वाईट, साधा रुमाल चालत नाही, रसायनाचा मुखवटाच हवा.

काही जण पैसे वाचवायला फोमऐवजी थर्मोकोल भरतात. पेट्रोल सांडले की तो विरघळतो, पॉलिएस्टर रेझिननेही विरघळतो. काही जण बंद बाटल्या भरतात. त्या तरंगतील, पण ओतलेला फोम कवचाला चिकटून त्याला जी ताठरता देतो ती बाटल्यांनी येत नाही. काही जण काहीच भरत नाहीत, वरून कोणाला दिसणार आहे म्हणतात. बाजूच्या भिंतींतला फोमही काढून टाकू नये. उंचावरचा फोमच भरलेल्या नावेला उलटण्यापासून आवरतो.

फळी वॉटरप्रूफ डिंकाच्या मरीन प्लायची, 12 मिलिमीटरची. सहाही बाजूंना रेझिन पाजावे, कडांना दोनदा, कारण प्लाय पाणी कडेनेच पितो. स्क्रूची भोके मोठी पाडून रेझिनने भरावीत आणि सुकल्यावर त्या रेझिनमध्ये नवे भोक पाडावे. गालिचा चिकटवायची घाई नको. आधी नाळ उंच करून, बूच काढून, आत बादलीभर पाणी ओतावे आणि ते सगळे मागून बाहेर येते का ते पाहावे.

शेवटी इंजिन. त्याचा दांडा आणि पंख्याचा दांडा यांच्या जोड-चकत्यांमध्ये फीलर गेज फिरवून फरक 3 हजारांश इंचाच्या आत आणावा. ही जुळणी जमिनीवर केली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये. पाण्यात कवच थोडे आकार बदलते. नाव एक दिवस पाण्यात राहू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी तीच जुळणी पाण्यातच पुन्हा तपासावी, मगच मालकाच्या ताब्यात द्यावी.