गाडीच्या केबिनमधील पंखा : दोष कसा ओळखावा व कसा काढावा

आपल्यापैकीं कित्येक शेतकरी आतां मालाच्या वाहतुकीसाठीं पिकअप अथवा जीप बाळगतात. इंजिनाची काळजी सर्वच घेतात; परंतु केबिनमध्यें वारा सोडणारा पंखा, ज्यास ब्लोअर म्हणतात, तो बिघडला असतां ‘उकाडा सोसूं’ असें म्हणून स्वस्थ बसतात. ही समजूत घातक आहे. पावसाळ्यांत समोरच्या कांचेवर आंतून धरणारी वाफ हाच पंखा घालवितो.

गेल्या आषाढांत चौसाळ्याहून पालीस रात्रीं परततांना मांजरसुंब्याच्या घाटांत आमच्या पिकअपचा पंखा बंद पडला. पाऊस जोराचा, कांच पांढरी झालेली, मागून मालमोटारी येणाऱ्या. चिरंजीव एका हातानें स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानें कांच पुशीत होते. शेवटीं बाजूच्या कांचा खालीं करून, भिजत, बैलगाडीच्या चालीनें घाट उतरलों. वास्तविक सूचना दोन महिने मिळत होती : पहिले तीन वेग बंद, चौथाच चालू. एका कारागिरानें दोन वेळां रेझिस्टर बदलला. दोन्ही वेळां तो जळला.

महसुली दप्तरांत आम्ही एक धडा शिकलों होतों. सात-बाऱ्यांत चूक दिसली असतां नुसता आकडा खोडून भागत नाहीं. मूळ फेरफार काढून पाहावा लागतो. येथेंही जळलेला भाग बदलणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो कां जळला हें शोधणें ही दुरुस्ती.

प्रथम रचना ध्यानांत घ्यावी. बॅटरीची १२ व्होल्ट वीज फ्यूज व रिले यांमधून मोटारीस मिळते व गाडीच्या सांगाड्यावाटे परत जाते. या परतीच्या जोडणीस अर्थ म्हणतात. कमी वेगासाठीं वीज रेझिस्टरमधून जाते. सर्वांत मोठ्या वेगास त्यास वगळून जाते. रेझिस्टर तापतो, म्हणून तो पंख्याच्याच वाऱ्यांत बसविलेला असतो. कांहीं नव्या गाड्यांत त्याच्या जागीं इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तो जाणत्याकडेच द्यावा.

लक्षणें येणेंप्रमाणें :
फक्त मोठा वेग चालतो – रेझिस्टर जळला.
कोणताच वेग चालत नाहीं – फ्यूज, रिले, स्विच, अर्थ किंवा मोटार.
ठोकल्यावर फिरतो – मोटारींतील कार्बन ब्रश झिजले.
खडखड वाजतो – आंत पालापाचोळा, अथवा बुश झिजलें.
पंखा जोरांत परंतु वारा मंद – फिल्टर धुळीनें भरला.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधीं फ्यूज पाहावा. नंतर मोटारीचें सॉकेट काढून, चावी व स्विच चालू ठेवून, त्याच्या दोन टोकांस १२ व्होल्टचा दिवा लावावा. मोठ्या वेगावर दिवा पूर्ण तेजानें लागला तर दोष बहुधा मोटारींत. न लागला तर अलीकडील तारा, रिले, स्विच वा अर्थ यांत. दिवा मंद लागल्यास जोडणी गंजलेली समजावी. सॉकेट काळें पडलें किंवा वितळलें असल्यास तेंही बदलावें. त्यानंतर चावी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडावी, मोटार खालीं उतरवावी व पंखा बोटानें फिरवून पाहावा. तो अडखळतां कामा नये. पिवळ्या वेष्टणाच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांस स्पर्श करूं नये.

आमच्या पंख्यांत लिंबाचीं पानें व उंदरानें आणलेला कापूस निघाला. त्यामुळें मोटार अडखळे व वीज अधिक ओढी. त्याच वेळीं रेझिस्टरला थंड करणारा वाराही तुटे. शेवटीं सॉकेट वितळलें. पंखा साफ करून रेझिस्टर व सॉकेट नवें घातल्यापासून तक्रार नाहीं.

एक गोष्ट निक्षून सांगतों. फ्यूज वारंवार जातो म्हणून जास्त अँपिअरचा घालूं नये, तारेचा तुकडा तर मुळींच नाहीं. फ्यूज वांचतो, परंतु तार पेटते व गाडी जळते.

पेरणीपूर्वीं आपण पाभर तपासतों, त्याचप्रमाणें मृगापूर्वीं कांचेखालच्या जाळींतील पाला काढावा, फिल्टर पाहावा व पंखा सर्व वेगांवर चालवून पाहावा. अर्ध्या तासाचें हें काम आहे. घाटांत कांच पांढरी झाल्यावर तेवढी सवड मिळत नाहीं.