ग्रामपंचायतीचे उत्पन्न : आकडा येतो कोठून?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतराज संस्थांच्या अर्थव्यवहाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांचा व सुमारे २ लाख ५८ हजार पंचायतींचा हिशेब त्यात आला आहे. आमच्या तासाला सरांनी त्यातील चार आकडे फळ्यावर लिहिले. २०२२-२३ मध्ये एका पंचायतीला सरासरीने स्वतःच्या करांतून २१ हजार रुपये, करेतर उत्पन्नातून ७३ हजार, केंद्राच्या अनुदानातून सुमारे १७ लाख आणि राज्याच्या अनुदानातून सव्वातीन लाखांहून थोडे अधिक रुपये मिळाले. शंभर रुपयांच्या जमेत कराचा वाटा जेमतेम एक रुपया! मागच्या बाकावरून शेरा आला, "खेड्यातली माणसं कर भरतच नाहीत, सर." वर्ग हसला.

मला हसू आले नाही. आमच्या घरी घरपट्टीच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवलेल्या असतात. वडिलांना त्या वाचता येत नाहीत, पण एकही टाकून दिलेली नाही. तेव्हा हा आकडा गावातून मुंबईपर्यंत पोहोचतो कसा, याचा शोध घ्यावा असे मनात आले. त्या शोधातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

हे आकडे हवेत कशासाठी, ते प्रथम पाहू. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने पंचायतींना घटनेत स्थान दिले आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन राज्यांवर घातले. कोणाला किती द्यायचे हे आयोगाने ठरवायचे, तर मुळात कोणाजवळ किती आहे हे त्याला कळले पाहिजे. येथेच घोडे अडत आले. २०००-०५ या काळासाठी शिफारशी करणाऱ्या, डॉ. ए. एम. खुस्रो यांच्या अकराव्या वित्त आयोगाला स्थानिक संस्थांचे हिशेब ठेवण्यासाठी व त्यांची माहिती संकलित करण्यासाठी स्वतंत्र पैसा सुचवावा लागला. हिशेबाचे नमुने महालेखापरीक्षकांनी ठरवून द्यावेत, असेही त्याने सांगितले. पुढे २००९ मध्ये देशभरच्या पंचायतींसाठी एक सोपी आदर्श लेखापद्धती तयार झाली. ती संगणकावर आली आणि २४ एप्रिल २०२० रोजी 'ई-ग्रामस्वराज' ही एकत्रित प्रणाली सुरू झाली. रिझर्व्ह बँकेसारख्या संस्थेला आज लाखो पंचायतींचा हिशेब एकत्र मांडता येतो, तो अशा तयारीमुळे.

पण पद्धत असणे वेगळे आणि ती पाळली जाणे वेगळे. श्री. एन. के. सिंह यांच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांना ४ लाख ३६ हजार ३६१ कोटी रुपयांची अनुदाने सुचवली आणि त्यांना एक अट जोडली. मागील वर्षाचा तात्पुरता हिशेब व त्याच्याही आधीच्या वर्षाचा तपासलेला हिशेब सर्वांना पाहता येईल असा संगणकावर नसेल, तर अनुदान नाही. वित्त आयोगाच्या शिफारशींत मला सर्वांत शहाणी वाटलेली ही अट आहे. तिची दुसरी बाजूही मात्र लक्षात घेतली पाहिजे. अनुदानासाठी जो हिशेब भरला जातो, तो अनुदान देणाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे देतो. गावाचे स्वतःचे प्रश्न त्यात येतीलच असे नाही.

दिवाळीच्या सुट्टीत परवानगी घेऊन मी चार दिवस आमच्या ग्रामपंचायतीत जाऊन बसलो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे दप्तर १ ते ३३ नमुन्यांत ठेवतात. त्यांतील नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. कोणाचे घर, किती चौरस फूट, मातीचे की पक्के, कर किती, हे त्यात असते. नमुना ९ ही मागणीची वही : मागील बाकी, चालू मागणी, वसुली. नमुना १० ही पावती, आणि रोकडवही म्हणजे नमुना ५. या वह्या मी पहिल्यांदाच उघडून पाहिल्या. आमच्या आळीतल्या प्रत्येक घराची अर्थस्थिती त्यांत ओळीओळीने लिहिलेली आहे. एखाद्या ओळीत तीन वर्षांची बाकी दिसते आणि मग एकाच दिवशी ती सगळी भरलेली दिसते. तो निवडणुकीचा अर्ज भरण्याचा काळ! कर थकवणारा सदस्य अपात्र ठरतो, त्यामुळे उमेदवाराला बेबाकीचा दाखला लागतो. (अर्थशास्त्राच्या पुस्तकात कर भरण्याची ही प्रेरणा कोठे दिलेली नाही.)

आता पडद्याकडे वळू. संगणक परिचालक वित्त आयोगाच्या कामांच्या नोंदी रीतसर करीत होता, कारण त्याशिवाय देयक निघत नाही. नमुना ९ मधील शेकडो ओळींचे काय? त्यांतून रोकडवहीत आलेल्या वसुलीची एक बेरीज तेवढी तो चढवीत होता. त्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे जन्माचे दाखले आहेत, आठ-अ आहेत, योजनांचे अर्ज आहेत, आणि दारात माणसे उभी आहेत.

या एका बेरजेत काय काय हरवते ते पाहा. समजा, एका गावाची मागणी ३० हजार रुपये असून त्यातील २७ हजार वसूल झाले; दुसऱ्या गावाची मागणी ३ लाख असून वसुलीही २७ हजारच झाली. पहिले गाव गरीब आहे पण प्रामाणिक आहे. दुसऱ्या गावात ऐपत आहे, वसुली नाही. जमेच्या रकान्यात मात्र दोन्ही गावे सारखीच! पहिल्याची आकारणी तपासायला हवी, दुसऱ्याला वसुलीसाठी टोचायला हवे. औषध वेगळे असताना रोगाचे नाव एकच लिहिले जाते.

दुसरी गोष्ट पाणीपट्टीची. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात सामान्य पाणीपट्टी ही घरपट्टीसारखीच करांच्या यादीत आहे आणि खाजगी नळाची पाणीपट्टी निराळी आहे. गावकरी दोन्हींना "पट्टी"च म्हणतो. सरकारी हिशेबाच्या शीर्षयादीत मात्र पाणीपुरवठा व स्वच्छता हे ०२१५ क्रमांकाचे मुख्य शीर्ष असून ते करेतर उत्पन्नात मोडते. म्हणजे तीच रक्कम कोणत्या शीर्षाखाली चढवली, यावर ती 'कर' ठरणार की 'करेतर' हे अवलंबून. २१ हजार आणि ७३ हजार यांच्यामधली भिंत वाटते तितकी पक्की नाही. कर न भरल्याचा ठपका ठेवण्यापूर्वी निदान या दोहोंची बेरीज, म्हणजे ९४ हजार, पुढे ठेवून बोलावे.

तिसरी, शून्याची. एखाद्या रकान्यात काहीच भरले नाही, तर त्याचा अर्थ "वसुली झाली नाही" असा, की "नोंद झाली नाही" असा? सरासरी काढताना दोन्ही शून्येच. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात की उत्तर न देणारा आणि "नाही" म्हणणारा यांना एका रांगेत बसवू नये.

सरासरीबद्दल आणखी थोडेसेच. केरळात ग्रामपंचायती ९४१, महाराष्ट्रात सुमारे २८ हजार; तेथील एक पंचायत लोकसंख्येने आपल्या दहा पंचायतींहून मोठी. 'दर पंचायतीमागे' ही मोजपट्टी दोहोंना एकदम लावली, तर मापात खोट येणारच. शिवाय महाराष्ट्रात २०१५ च्या अखेरीस घरांची आकारणी भांडवली मूल्यावर करण्याचा नियम आला, त्यामुळे त्याआधीचे व नंतरचे आकडे सरळ एका रेषेत मांडता येत नाहीत.

अमेरिकेत याच कामासाठी जनगणना विभागाची एक स्वतंत्र गणना आहे. १९५७ पासून ती दर पाच वर्षांनी, २ व ७ ने संपणाऱ्या सालांत होते. तेथील स्थानिक शासनसंस्था सुमारे ९० हजार आहेत. तेथेही कागदी प्रश्नावल्या गेल्या आणि संगणकावरचे अर्ज आले. पण मला महत्त्वाची वाटली ती निराळीच बाब. प्रत्येक नगर आपापल्या शीर्षांनी हिशेब ठेवते, आणि त्या स्थानिक शीर्षांचे रूपांतर एकसारख्या वर्गवारीत करण्याची जबाबदारी गणना करणारा विभाग स्वतःवर घेतो. त्यासाठी त्याची जाडजूड नियमपुस्तिका आहे. मोठ्या संस्थांच्या बाबतीत तर त्याचे कर्मचारी छापील हिशेबांवरून स्वतःच आकडे काढतात. आपल्याकडे हेच भाषांतर, कारण ते भाषांतरच आहे, एका मानधनावरच्या परिचालकाच्या अंगावर पडते.

म्हणून आधुनिकीकरण म्हणजे काय, याविषयी माझे मत असे : ड्रोनने गावठाण मोजले, स्वामित्व योजनेखाली मिळकतपत्रिका दिल्या, हे सारे आकारणीला उपयोगी आहे आणि ते व्हावे. पण आकडेवारीच्या दृष्टीने पहिली गरज साध्या तीन रकान्यांची आहे : मागणी, वसुली आणि बाकी, आणि रकाना रिकामा असेल तर तो का रिकामा आहे हे सांगणाऱ्या एका खुणेची. ही माहिती नव्याने गोळा करावयाची नाही. नमुना ९ मध्ये ती शाईने लिहिलेली आहे. ती वर जाऊ लागली तर गावालाही तिचा उपयोग आहे. वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब ठेवावाच लागतो, तेथे कोणीतरी उभे राहून विचारू शकेल की शेजारच्या गावची वसुली आपल्याहून अधिक का.

आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर यंदा ज्या गावी आहे, तेथील नमुना ९ च्या गेल्या पाच वर्षांच्या बेरजा शिबिरार्थींनी काढाव्यात आणि पडद्यावरील आकड्यांशी ताडून पाहाव्यात, असे मी सरांना सुचवले आहे. सरांनी होकार दिला आहे. ग्रामपंचायतीचे पत्र मात्र अजून यायचे आहे.