नम्रता आणि लाचारी

शास्त्रपाठ : योहान १३:१-१७, फिलिप्पै २:१-११

रविवारच्या शाळेत आपण मुलांना विचारतो, "नम्र कोणाला म्हणावे?" बहुधा उत्तर येते, "जो उलट बोलत नाही त्याला." आम्हांलाही लहानपणी असेच शिकविले होते, आणि पुढे शिक्षक झाल्यावर आम्हीही तेच शिकवीत राहिलो. परंतु हे उत्तर अपुरे आहे. कधी कधी ते घातकही ठरते. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकून चालावे लागले, दुसऱ्याच्या दाराबाहेर उभे राहून हात जोडून ऐकून घ्यावे लागले. त्या वाकण्यालाच आपण नम्रता म्हटले, तर त्या घरांतील लेकरांना सुवार्ता ती काय सांगणार? म्हणून नम्रता व लाचारी यांतील भेद आपण पवित्र शास्त्रातूनच समजून घेऊ या.

१. भोजनावरून उठला तो कोण?

त्या काळी लोक साध्या चपला घालून धुळीच्या वाटांनी चालत. घरी आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे दासाचे काम असे. शेवटच्या भोजनाच्या त्या माडीवर पाणी होते, गंगाळ होते, रुमालही होता. पण ते काम करावयास कोणी उठला नाही. लूक सांगतो की, त्याच भोजनाच्या वेळी आपणांमध्ये मोठा कोण, असा वाद शिष्यांत झाला (लूक २२:२४). असा वाद जेथे आहे तेथे गंगाळाकडे कोणाचे लक्ष जाणार?

आता तेराव्या अध्यायातील तिसरे वचन सावकाश वाचा. येशू उठला हे सांगण्यापूर्वी योहान आपल्याला त्याच्या मनात काय होते ते सांगतो. पित्याने सर्व काही आपल्या हाती सोपविले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे तो जाणून होता. हे जाणून तो उठला व त्याने कमरेला रुमाल बांधला. पाय धुऊन झाल्यावरदेखील गुरू व प्रभू ही नावे त्याने नाकारली नाहीत. ती योग्यच आहेत असे तो म्हणाला (वचन १३).

लाचार मनुष्य भीतीने वाकतो. प्रभूला कोणाची भीती नव्हती, म्हणून तो मोकळेपणाने वाकू शकला. आपण कोणाचे आहो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपला मान राखीत बसावे लागत नाही.

२. पेत्राची अडचण

पेत्राने प्रथम पाय धुऊ देण्यास साफ नकार दिला. वरवर पाहता ही नम्रताच वाटते. परंतु प्रभूकडून सेवा घेतल्यावाचून त्याच्याबरोबर वाटा नाही, हे त्याला ऐकावे लागले.

पेत्राचा हा स्वभाव आपल्यांतही आहे. इतरांच्या आजारपणात रात्री जागविणारी माणसे स्वतः अंथरुणाला खिळली की पाळकांनादेखील कळवीत नाहीत. "उगीच कोणाला त्रास कशाला?" असे म्हणतात. देणाऱ्याच्या जागी बसण्याची सवय झाली की घेणाऱ्याच्या जागी बसणे जड जाते. दुसऱ्याला आपले पाय धुऊ देणे हाही नम्रतेचा पाठ आहे.

३. फिलिप्पैकरांस पत्र

फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. रोमी नागरिकत्व आणि मानमरातब यांचे तेथे मोठे महत्त्व. ग्रीक भाषेत नम्रतेसाठी असलेला शब्द तेव्हा हलकेपणा दाखवीत असे. तो कोणी सद्‌गुण म्हणून मिरवीत नसे. अशा नगरातील मंडळीला पौल ख्रिस्ताचे चित्र दाखवितो : जो देवाच्या स्वरूपाचा असून दास झाला आणि वधस्तंभापर्यंत खाली आला. पुढे चौथ्या अध्यायात कळते की, सुवार्तेच्या कामात पौलाबरोबर झटलेल्या दोन भगिनींत बेबनाव झाला होता. चांगल्या कामकऱ्यांतही असे होते, म्हणूनच हा उपदेश.

पण हाच पौल ह्याच नगरात कसा वागला तेही पाहा (प्रेषितांची कृत्ये १६). चौकशी न करता त्याला व सीलाला फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप धाडला, तेव्हा पौल गेला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले, आणि त्यांना यावे लागले. प्रभूनेही चपराक मारणाऱ्याला त्याचे कारण विचारले (योहान १८:२३). अन्यायापुढे गप्प राहणे हे नम्रतेचे लक्षण नाही.

४. आपल्यांतील एक उदाहरण

पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ साली, ख्रिस्ती होण्यापूर्वीच, त्यांनी शिक्षण आयोगापुढे निर्भयपणे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते साध्यासुध्या बायांना कळावे अशा सोप्या मराठीत. त्याची छपाई मुक्तीतच झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होईपर्यंत त्या या कामात होत्या. एवढी विद्या असलेल्या बाईंनी ती निरक्षर भगिनींच्या पायांशी ठेवली. आणि बोलावयाचे तेथे त्या बोलल्याही.

५. आपल्या मंडळीत

प्रीतिभोजनाच्या दिवशी पाहा. भाषणे कोण करतात, पुढच्या खुर्च्यांवर कोण बसतात, आणि सर्व गेल्यावर पातेली कोण घासतात? दरवर्षी त्याच चार भगिनी घाशीत असतील, तर त्यांच्या नम्रतेची स्तुती करून आपली सुटका होत नाही. गंगाळ आपल्यासमोरही ठेवलेले आहे. पंच कमिटीतील वडिलांनी, शिक्षकांनी व आम्ही लेखणी चालविणाऱ्यांनीही पुढच्या वेळी आधी उठावे. आणि ज्यांना आजवर नेहमीच वाकावे लागले, त्यांनी ताठ बसून प्रभूच्या हातून आपले पाय धुऊन घ्यावेत.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. पाय धुण्यापूर्वी येशू काय जाणून होता? ते सांगणे योहानाला का महत्त्वाचे वाटले असावे?
२. पेत्राच्या नकारात नम्रता किती व अभिमान किती?
३. फिलिप्पैच्या तुरुंगातील पौल नम्र होता काय? कारण सांगा.
४. आपल्या घरात कोणी न उचललेले असे कोणते काम आहे? या आठवड्यात ते न सांगता करा.