सहकुटुंब तोरणमाळ

प्रश्न : जळगावहून मोटारीने मुलांसह उत्तरेकडे एखाद्या तलावाकाठी जावयाचे आहे, कोठे जावे?

उत्तर : १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात मोडणारे, सांप्रत नंदुरबारच्या अंमलाखालील तोरणमाळ आपल्या हेतूस सर्वथा अनुकूल आहे. चोपडा, शिरपूर करीत शहादे गाठावे व तेथेच इंधन भरून घ्यावे. पुढील घाटाची नागमोडी वळणे परतीस उतरताना, केवळ ब्रेकवर भिस्त न ठेवता, गाडी खालच्या गिअरातच राखावी, ही माझी सक्त ताकीद. सातपुड्याच्या माथ्यावर, हजार मीटरहून अधिक उंचीवर, यशवंत तलाव विस्तारला आहे. त्याच्या काठाने मुलांना मनसोक्त हिंडवावे, पावसाळा सरतासरता सीताखाईचा प्रपात दाखवावा, मात्र दरीच्या कडेला त्यांचा हात सोडू नये. महाशिवरात्रीस गोरखनाथाच्या यात्रेची गर्दी लोटते. निवांतपणा हवा असल्यास तो मुहूर्त टाळावा.