कॅमेऱ्यातील सदोष चित्रकण आणि त्यांची दुरुस्ती

आज मोबाईल जवळजवळ घरोघरी आहे आणि मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. फोटो निघाला की समोरचे दृश्य जसेच्या तसे उतरले, असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्या फोटोतील काही कण कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसतात. शेजारच्या कणांवरून ते अंदाजाने भरलेले असतात. हा अंदाज कसा करतात, न्यूरल नेटवर्क म्हणजेच चेताजाल त्यात कोणती सुधारणा करते आणि अशा अंदाजावर विश्वास कुठवर ठेवावा, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

चित्रकण आणि त्यांचे दोष

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मचे रीळ असे. आता त्या जागी सिलिकॉनचा एक पातळ तुकडा असतो, त्यास सेन्सर म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सेन्सरची कल्पना मांडली. या कार्याबद्दल २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. मोबाईलमध्ये मात्र सीमॉस जातीचे सेन्सर असतात. सेन्सरवर लक्षावधी सूक्ष्म चौकटी असतात. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल किंवा चित्रकण होय. चौकटीवर जितका प्रकाश पडेल तितका विद्युतभार तीत साठतो. तो मोजला की एक आकडा मिळतो. अशा आकड्यांचा तक्ता म्हणजेच फोटो.

समजा, १ कोटी २० लाख पिक्सेलच्या सेन्सरमध्ये दर १०,००० मागे एकच पिक्सेल सदोष निघाला, तरी सदोष पिक्सेल १,२०० होतात. तेवढ्यासाठी प्रत्येक सेन्सर फेकून देणे कोणासही परवडणार नाही.

हे दोष मुख्यतः तीन प्रकारचे असतात. कितीही प्रकाश पडला तरी काळाच राहतो तो मृत पिक्सेल. एकाच आकड्यावर थांबून राहतो तो अडकलेला पिक्सेल. प्रकाश नसतानाही ज्यात भार साठत जातो तो उष्ण पिक्सेल. उष्ण पिक्सेलचा दोष तापमानाबरोबर वाढतो. साधारणपणे दर ६ ते ८ अंश सेल्सियसला अंधारातील हा प्रवाह दुप्पट होतो. शिवाय सेन्सर वापरात असतानाही नवे दोष निर्माण होतात. अवकाशातून येणारे वेगवान कण सिलिकॉनच्या स्फटिकावर आदळतात आणि त्याची रचना बिघडवतात. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीला हा त्रास फार झाला. म्हणून तिच्या कॅमेऱ्यांचे अतिथंड सेन्सर साधारण महिन्यातून एकदा मुद्दाम गरम करण्याची पद्धत ठेवली गेली. त्यायोगे बरेच उष्ण पिक्सेल पूर्ववत होतात, परंतु सर्व नव्हे.

शेजाऱ्यांवरून अंदाज

दुरुस्तीच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली, दोष शोधणे. लेन्स पूर्ण झाकून फोटो घेतला तर उष्ण पिक्सेल चमकतात. एकसारख्या उजेडात घेतला तर मृत पिक्सेल काळे दिसतात. त्यांच्या जागांची नोंद म्हणजे दोष-नकाशा होय. दुसरी पायरी, त्या जागी योग्य आकडा भरणे.

एक उदाहरण घेऊ. सदोष पिक्सेलचा आकडा २५५ आहे आणि भोवतालचे आठ आकडे ५२, ५४, ५१, ५३, ५५, ५२, ५०, ५४ आहेत. आठांची सरासरी सुमारे ५२.६ येते. सदोष आकड्यासह नऊ आकडे चढत्या क्रमाने मांडले तर मधला आकडा, म्हणजे मध्यक, ५३ येतो. दोन्ही उत्तरे समाधानकारक आहेत.

आता काळ्या फळ्यावरील खडूची एक बारीक उभी रेघ घ्या. रेघेचे पिक्सेल २०० आणि फळ्याचे २० आहेत. रेघेवरचाच एक पिक्सेल मृत आहे. त्याच्या शेजारी सहा वेळा २० आणि दोन वेळा २०० येतात. सरासरी ६५ येते, मध्यक २० येतो. खरे उत्तर २०० हवे होते! सपाट जागी चालणारी रीत रेघेवर फसते, ती अशी.

रंगीत सेन्सरमध्ये आणखी एक अडचण असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटनुसार निम्म्या पिक्सेलवर हिरवा, पावभागावर लाल आणि पावभागावर निळा गाळक असतो. त्यामुळे लाल पिक्सेलचा लाल शेजारी एक घर सोडून असतो. तसेच ही दुरुस्ती रंग जुळवण्याआधी करावी लागते. नंतर केल्यास टिपकागदावरील शाईप्रमाणे दोष शेजाऱ्यांत पसरलेला असतो.

चेताजालाची रीत

चेताजाल म्हणजे गुणाकार-बेरजेची एक मोठी साखळी. कोणत्या शेजाऱ्याला किती महत्त्व द्यायचे, हे तीत ‘भार’ नावाचे आकडे ठरवतात. हे भार माणूस लिहून देत नाही. चांगले फोटो घेऊन त्यातील काही पिक्सेल मुद्दाम बिघडवतात. जाल उत्तर देते, खऱ्या आकड्याशी त्याची तुलना होते आणि जितकी चूक तितका भारांत बदल होतो. चूक मागे मागे नेत भार सुधारण्याची ही पद्धत १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखामुळे सर्वत्र पोहोचली. असंख्य रेघा, कडा, पोत पाहिलेले जाल आमच्या खडूच्या रेघेवर २०० च्या जवळचा आकडा देते.

हबलच्या चित्रांवर असा एक प्रयत्न झाला आहे. फोटो घेतानाच वेगवान कण आदळला तर त्या एका फोटोपुरता खोटा ठिपका उमटतो आणि तो ताऱ्यासारखा भासतो. केमिंग झँग आणि जोशुआ ब्लूम यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘डीपसीआर’ पद्धतीत एक जाल असे ठिपके ओळखते आणि दुसरे त्या जागा भरते. ध्यानात घ्या, ओळखणाऱ्या जालाला शिकवण्यासाठी लागणारी खरी उत्तरे आकाशाच्या त्याच भागाचे अनेक फोटो ताडून मिळवली होती.

मर्यादा

समजा, खडूची रेघ त्याच जागी खरोखर तुटलेली होती. तर? चेताजाल ती जोडून टाकील, कारण त्याने पाहिलेल्या बहुतेक रेघा अखंड होत्या. लग्नाच्या फोटोत याने काही बिघडत नाही. परंतु स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत एक पिक्सेल ०.०५ ते ०.१ मिलिमीटरचा असतो आणि डॉक्टर शोधतात तो कॅल्शियमचा कण काही वेळा अशा मोजक्याच पिक्सेलमध्ये मावतो. तिथे सदोष पिक्सेलचा पुंजका असेल, तर खाली काय होते हे कोणतेही जाल सांगू शकत नाही. ते फक्त शोभेलसे उत्तर देते.

खगोलशास्त्रज्ञांनी यावर साधा उपाय योजला आहे. दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकवतात. मग सदोष पिक्सेलखाली आलेला आकाशाचा भाग पुढच्या फोटोत चांगल्या पिक्सेलवर येतो. येथे अंदाज नाही, पुन्हा पाहणे आहे.

तात्पर्य, भरलेली जागा सुंदर दिसली म्हणून खरी ठरत नाही. शक्य असेल तिथे पुन्हा पाहावे. शक्य नसेल तिथे भरावे, पण कोणती जागा भरली याची नोंद चित्रासोबत ठेवावी. दुरुस्ती करणाऱ्याने हे प्रामाणिकपणे केले, तरच पाहणाऱ्याला निर्णय नीट घेता येतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. खडूची रेघ तिरपी असेल तर सरासरी आणि मध्यक किती येतील?
२. दोन सदोष पिक्सेल शेजारी-शेजारी असल्यास अंदाज अधिक कठीण का होतो?
३. ज्यांत अंदाजाने भरलेली जागा धोक्याची ठरेल, अशी तीन कामे सांगा.