थायरॉइडची गोळी आणि मावशीचे चार शब्द

अगं, टीएसएच 12 आला म्हणून रडायला काय झालं? तुझी थायरॉइड ग्रंथी आळसावली आहे, बस्स. मेडिसिनच्या ओपीडीत सगळी नोकरी काढली मी. आमच्या मेट्रनबाईंनी जे शिकवलं आणि डॉक्टरांच्या बाजूला उभं राहून जे कानावर पडलं, ते सांगते. वहीत लिहून घे, नाहीतर दुपारपर्यंत विसरशील.

आधी रिपोर्ट वाचायला शीक. टीएसएच थायरॉइड बनवतच नाही. ते बनवते पिट्युटरी, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. रक्तात थायरॉइडचं हॉर्मोन किती फिरतंय यावर तिची नजर असते. कमी पडलं की ती थायरॉइडला हाका मारते. सून उठेना तसा सासूचा आवाज चढत जातो ना, तसा तुझा 12 हा त्या सासूचा आवाज आहे. आकडा जास्त, म्हणजे हॉर्मोन कमी. लोक हे उलटं धरतात, ‘थायरॉइड वाढलाय’ म्हणून कोबी सोडतात आणि गोळीही अर्धी करतात. आवाज कशामुळे चढला ते नक्की कळावं म्हणून डॉक्टर सोबत टी-फोर बघतात. आणि एक ध्यानात ठेव, बहुतेक ग्रंथी याच हिशेबाने चालतात. बाहेरून जेवढं मिळेल, तेवढं आतून बनवणं कमी.

आता गोळी. सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. मग चहा निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. आपल्या घरात चहाशिवाय कुणाचे डोळे उघडत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण दुधाच्या चहाबरोबर गोळी नीट शोषली जात नाही. मग तिमाहीला डोस वाढतो आणि दोष औषधाला. बाटली उशाशी ठेव, पाण्याचा तांब्या शेजारी, म्हणजे स्वयंपाकघरात जाण्याआधी काम झालेलं असतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या मात्र चार तासांच्या अंतराने, त्यांचं आणि हिचं मुळीच पटत नाही. बाटली गॅसच्या ओट्यावर ठेवू नकोस. उष्णता, दमट हवा आणि उजेड तिघंही हिचे वैरी. आठवड्याच्या खणांच्या डबीत चार-पाच दिवसांच्या काढून ठेवल्यास तर चालेल, अख्खी बाटली ओतू नकोस.

एखाद्या दिवशी चुकली तर घाबरू नकोस. गोळीतल्या हॉर्मोनचा निम्मा साठा ओसरायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून निर्जळी उपवासाला एक गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही. आणि म्हणूनच डोस बदलला की दहाव्या दिवशी लॅबमध्ये धावायचं नाही. सहा आठवडे थांब, तेव्हा कुठे आकडा स्थिर होतो. शक्यतो एकच लॅब, सकाळची वेळ, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. केस गळतात म्हणून तू बायोटिनच्या गोळ्या घेतेस ना? तपासणीच्या दोन दिवस आधी त्या बंद. बऱ्याच लॅबच्या यंत्रांना बायोटिन चकवतं, टीएसएच खोटाच कमी दाखवतं, आणि मग चांगला बसलेला डोस उगाच कमी होतो.

जन्मभर घ्यावी लागेल का, हे तू तीनदा विचारलंस. बहुधा हो. त्यात भिण्यासारखं काय आहे? इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने 1891 साली सुस्तावलेल्या, सुजलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. पुढे ती तो तोंडाने घेत राहिली आणि 28 वर्षं जगली. तुझ्यासारख्या पोरींत कारण बहुधा हाशिमोटोचा आजार असतो. शरीराचे सैनिकच थायरॉइडवर चाल करून जातात. 1912 साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. त्यावर आयोडीनच्या गोळ्या घेऊन फायदा नाही, उलट बिघडू शकतं. पण म्हणून घरातलं आयोडीनचं मीठ सोडून गुलाबी सैंधवावर जाऊ नका. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचं प्रमाण किती होतं आणि आयोडीनयुक्त मिठाने ते किती खाली आलं, हे प्रा. रामलिंगस्वामींनी 1956 पासूनच्या अभ्यासातून दाखवलं, तेव्हा सरकार जागं झालं. मीठ झाकणाच्या बरणीत ठेवायचं आणि भाजी होत आल्यावर घालायचं.

आता तुझ्या बाबांची गोष्ट, कारण मला ती जास्त सलते आहे. गुडघ्यांसाठी ते गावच्या कुणाकडून पुड्या आणतात ना? दोन दिवसांत गुडघे मोकळे, भूक कडकडून, चेहरा गोल, आणि दंडावर हात लागला तरी जांभळा डाग. ही लक्षणं स्टेरॉइडची आहेत, जडीबुटीची नव्हेत. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवतात, पहाटेला सगळ्यात जास्त आणि मध्यरात्री सगळ्यात कमी. महिना महिना बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की पिट्युटरी हाका मारणं सोडते आणि ॲड्रिनल आकसून झोपी जातात. मग पुड्या संपल्या, किंवा तू रागाने फेकून दिल्यास, तर झोपलेल्या ग्रंथी एकदम उठत नाहीत. उलट्या, अशक्तपणा, बीपी खाली, त्यात ताप किंवा ऑपरेशन असेल तर माणूस कोसळतो. असे पेशंट स्ट्रेचरवरून आलेले मी पाहिले आहेत, आणि नातेवाईक सांगायचे, ‘काही औषध चालू नव्हतं हो, देशी होतं.’ तेव्हा पुडी फेकायची नाही, ती डॉक्टरांसमोर ठेवायची. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतली असेल तर तिथूनच हळूहळू उतरवायची. डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडची गोळी दिवसातून एकदाच असेल तर सकाळी खाऊन घ्यायची, म्हणजे ग्रंथींच्या वेळेशी ती जुळते. स्टेरॉइड चालू आहे अशी चिठ्ठी पाकिटात ठेवायची. आणि चेहरा उजळायची दुकानातली मलमंसुद्धा नीट वाचून आण, त्यांतही पुष्कळदा हेच असतं.

काकूची शुगर तुला माहीत आहे. इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलं की ते कामातून गेलं. उघडलेली बाटली सावलीत थंड जागी साधारण 28 दिवस. लोडशेडिंगच्या दिवसांत खेड्यातली माणसं ती मडक्यात ठेवायची आणि चालायचं. घाम फुटला, हात थरथरला, काकू उगाचच चिडली तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, मग मशीन शोधा. पेढा नको, त्यातल्या स्निग्धाने साखर रक्तात उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, गाडी बोलवायची. चतुर्थीच्या उपवासाआधी डॉक्टरांना विचारा, कारण पोटात अन्न नाही आणि गोळी मात्र गेली, हा प्रकार दरवर्षी वॉर्ड भरायचा.

मेट्रनबाईंची एक युक्ती मला फार आवडायची. पेशंट म्हणाला ‘काही नाही, जरा थकवा आहे’, की त्या जुना फोटो मागायच्या. लग्नातला असेल तर उत्तमच. फोटो आणि समोरचा चेहरा शेजारी धरला की डोळ्यांखालची सूज, विरळ झालेल्या भुवया एका नजरेत दिसायच्या. मग विचारायच्या, अंगठी घट्ट झाली का, चपलेचा नंबर वाढला का. चाळिशीत चपलेचा नंबर दोनने वाढणं ही मजेची गोष्ट नव्हे, तिथे वाढीच्या हॉर्मोनची तपासणी होते. रोज पाहणाऱ्या घरच्यांना हे बदल दिसत नाहीत. तुझ्या आईचाही एक फोटो काढ कपाटातून.

शेवटी तुझ्यासाठी एकच. पाळी चुकली आणि तपासणी पॉझिटिव्ह आली, तर आठवडाभर गुपित ठेवत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरला फोन कर. पहिले साधारण तीन महिने बाळ तुझ्याच थायरॉइड हॉर्मोनवर वाढतं. त्याची स्वतःची ग्रंथी तेव्हा कामाला लागलेली नसते, म्हणून तुझा डोस बहुधा लगेच वाढवावा लागतो. आणि बाळ झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच तपासतात. सगळीकडे आपण होऊन करतात असं नाही, तू मागून घे. ग्रंथी जन्मतः कमजोर असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर मूल इतर मुलांसारखंच वाढतं, उशीर झाला तर बुद्धीवर होणारा परिणाम पुरता भरून निघत नाही. ती तपासणी झाल्याशिवाय दवाखान्यातून घरी यायचं नाही.