गाजरगवत मेले, तरी विष उरते

बुलढाणा जिल्ह्यात पावसाळ्यात बांधांवर, रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजते. १९५६ साली पुण्यातून नोंदले गेलेले हे तण रसायनांनी लढते. त्यातील पार्थेनिन व फिनॉलिक आम्ले जमिनीत झिरपून शेजारच्या बियांचे अंकुरण रोखतात.

ग्लायफोसेट फवारले, की फिनॉलिक आम्ले बनवणाऱ्या साखळीतील एक विकर अडते. पार्थेनिन मात्र दुसऱ्या मार्गाने बनते. शिवाय आधी साठलेले विष वाळल्या पानांतूनही पाण्यात उतरते.

करून पाहा. हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून वाळली पाने रात्रभर पाण्यात भिजवा व गाळा. एका बशीत साधे पाणी, दुसरीत हा अर्क घालून मूग ठेवा. चार दिवसांनी मोडांची लांबी मोजा.

म्हणूनच गाजरगवत फुलण्यापूर्वीच उपटून खड्ड्यात कुजवावे.